सामाईक चरबी

शेवाळ्यांच्या घरात चरबी सामाईक आहे. साखर मात्र ज्याची त्याची. ज्यानं भाकरी खाल्ली, त्याच्याच यकृतात आणि स्नायूंत तिची साखर साठते आणि तोच ती वापरतो. ती संपली की घरातल्या चरबीला हात लागतो, आणि घरात जो शेवटी आला त्याच्या अंगावरची आधी जाते. लग्नाआधी मला हे कुणी सांगितलं नाही. सासूबाईंनी पुरणपोळीचा पहिला घास भरवला, मी शहाण्या सुनेसारखा गिळला, आणि झालं.

माझा दीर रणजित पळतो. वाईहून घाट चढून पाचगणी, तिथून परत. सुरुवातीला जोरात असतो तेव्हा बहुतेक त्याचीच साखर जळते. अर्ध्या घाटात ती आटते, वेग उतरतो, आणि इकडे कणीक मळता मळता माझ्या बांगड्या मनगटावरून घसरून परातीत पडतात. पहिल्यांदा मी किंचाळले होते.

"अगं, घाट लागला असंल त्याला," सासूबाई म्हणाल्या. "बांगड्या काढून ठेवत जा."

पुढे मला मुलगी झाली. नाव ठेवेपर्यंत बाळाची चरबी बाळाची असते. आत्यानं कानात नाव सांगितलं की ती घराची होते, आणि शेवटी आलं म्हणून बाळाचीच आधी जाते. बारसं नेमकं शर्यतीच्या दिवशी ठेवलं, पाहुण्यांना एका खेपेत दोन्ही उरकावं म्हणून. हे शेवाळ्यांनाच सुचावं.

नाव रेवती ठरलं होतं. माझी नणंद वैजूताई पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या उजव्या कानात "रे" म्हणाल्या. माझ्या डोळ्यांदेखत बाळाचा उजवा गाल आत गेला. मी तिच्या कानावर हात दाबला.

"असं अर्धं नाव ठेवतात का कुठं?" वैजूताई रागावल्या.

मामंजींनी रणजितला फोन लावला. "थांब तिथंच. चालत पण येऊ नको, चालताना चरबीच जास्त जळती. बस खाली आणि गूळ खा."

फोनमधून चघळल्याचा आवाज आला. गाल तिथेच थांबला. परत मात्र भरला नाही.

अर्धं नाव धरायचं नाही असं घरात ठरलं, म्हणून तिची बाकीची चरबी तिच्याकडेच राहिली. शाळेतही ती 'रे'च आहे. गालावरच्या खड्ड्याला लोक खळी म्हणतात आणि कौतुक करतात. वैजूताई दर भाऊबिजेला उरलेलं नाव घेऊन येतात. त्या आल्या की मी रेला कानटोपी घालते.

यंदा भाऊबीज आणि शर्यत एकाच दिवशी आली. ओवाळून घेऊन रणजित गेला. तासाभरानं मी ओट्यापाशी खाली बसले, ते मला उठताच येईना. इतक्या वर्षांच्या घाटांनी आधीच वाळलेल्या माझ्या हातांवर आता नुसती कातडी उरली होती. माझी चरबी संपल्यावर पाळी पुढच्याची, हे खरं. पण चरबी आधी संपते की माणूस, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामंजी फोन लावत राहिले. घाटात रेंज नव्हती.

"डॉक्टरला बोलवू का?" वैजूताईंनी विचारलं.

"डॉक्टर काय करणार?" सासूबाई म्हणाल्या. "घाट तर रणजितला उतरायचाय."

रे दारात उभी होती. तिनं कानटोपी काढली.

"आत्या, माझं उरलेलं नाव सांग."

"तुझी आई ओरडंल गं."

"आईच्या अंगावर काय उरलंय का बघ तरी."

मी सरपटत गेले आणि तिच्या कानावर हात ठेवला. तिनं तो अलगद बाजूला केला. माझ्या हाताला वजन असं राहिलंच नव्हतं.

वैजूताई वाकल्या.

थोड्या वेळानं मला उठता आलं. मी तवा ठेवला, भाकरी थापली. पहिली भाकरी रेवतीला वाढली.