राणीसरकारांची सोयरीक

घरात कुणाला घ्यावं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवावं हे रक्त पाहून ठरवावं, असं सर्व सुसंस्कृत समाजांचं मत आहे. (ज्यांचं नाही ते सुसंस्कृत नाहीत, त्यामुळे मतभेद उरत नाही.) हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत हे तत्त्व सर्वांत निष्ठेने पाळतात ते दुसऱ्या मजल्यावरचे हिम्मतराव. त्यांचा शेजारी म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे उंदीर झाले. आधी त्यांनी तांदळाचं पोतं फोडलं, मग कपाटात शिरून मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवलेला जरीचा फेटा कुरतडला. तांदळाचं हिम्मतरावांनी मनावर घेतलं नव्हतं. फेट्याचं घेतलं.

वास्तविक मांजर शोधायला कुठे जायची गरज नव्हती. खाली पार्किंगमध्ये एक कबरा बोका होताच. एका कानाचा तुकडा उडालेला, शेपूट वाकडी, पण कामाला वाघ. हिम्मतरावांची मुलगी रेणू त्याला रोज दूध घालायची.

"बाबा, यालाच वर घेऊ. गल्लीतले उंदीर यानंच संपवलेत."

"त्याचा बाप कोण?" हिम्मतरावांनी विचारलं.

रेणूला सांगता आलं नाही. बोक्यालाही आलं नसतं.

हा प्रश्न त्या घरात नवा नव्हता. रेणूला तिच्या ऑफिसातल्या गौतमशी लग्न करायचं होतं. गौतमची आई मराठी, वडील तेलुगू. "पोरगा चांगला असंल, हौ. पण मिश्र आहे," असा निकाल हिम्मतरावांनी दिला होता, आणि मिश्रणाला त्यांचा विरोध कडक होता. ते देवाशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करतात, राग आला की दखनी उर्दूत शिव्या देतात आणि रविवारी बिर्याणी खातात. बाकी कशातही ते मिसळ चालू देत नाहीत.

तेव्हा नल्लकुंट्यातल्या एका गृहस्थांकडे पर्शियन मांजर पाहायला जायचं ठरलं. पाहण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. चहा आला, मग मांजर आलं. पांढरंशुभ्र, केसांचा नुसता लोंढा. त्याला सतरंजीवरून चालवून दाखवण्यात आलं. हिम्मतरावांच्या पत्नी कुसुमताईंनी हळूच म्हटलं, "नाक बसकं आहे हो."

"ती खानदानाची खूण आहे," गृहस्थ म्हणाले. (रेणूच्या मावसबहिणीचं स्थळ अशाच नाकावरून मोडलं होतं, पण ती मांजर नव्हती.) मग त्यांनी मांजराची वंशावळ वाचून दाखवली. खापरपणजोबांचं नाव आलं तेव्हा हिम्मतरावांचे डोळे भरून आले. त्यांच्या स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना कुसुमताईंना विचारावं लागतं.

मांजर घरी आलं. नाव ठेवलं राणीसरकार.

पहिल्याच संध्याकाळी ओट्याखालून उंदीर निघाला आणि राणीसरकारांच्या समोरून सावकाश चालत गेला. राणीसरकारांनी मान दुसरीकडे फिरवली. 

"खानदानी आहे," हिम्मतराव म्हणाले. "शिकार काय मालकानं करायची असते?"

या सिद्धांतातून पुढची व्यवस्था आपोआप निघाली. शिकारीसाठी कबऱ्या बोक्याला मागच्या गॅलरीतून स्वयंपाकघरात यायची परवानगी मिळाली. काम झालं की त्याने बाहेर जायचं. त्याची बशी गॅलरीतल्या नळापाशी. राणीसरकारांची चांदीच्या मुलाम्याची, सोफ्याशेजारी. हा भेदभाव नव्हता, स्वच्छता होती. आपल्याकडे भेदभाव कुणीच करत नाही, स्वच्छता सगळेच पाळतात.

महिन्याभरात उंदीर संपले. श्रेय राणीसरकारांना मिळालं. "तिच्या नुसत्या वासानं पळाले," असं हिम्मतरावांनी मला जिन्यात सांगितलं.

उन्हाळा लागला. कुसुमताई गॅलरीचं दार उघडं टाकू लागल्या. आणि काही आठवड्यांनी राणीसरकारांचं पोट दिसू लागलं.

हिम्मतरावांनी तिला कोठी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, गॅस झाला असेल म्हणून. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. घरी येऊन ते बराच वेळ पायांतले जोडे न काढता बसून राहिले.

"दार कुणी उघडं टाकलं?"

"उकडत होतं," कुसुमताई म्हणाल्या आणि डाळ निवडत राहिल्या.

पिलं झाली. अंगावर कबरे पट्टे, त्यावर रेशमासारखे लांब केस, आणि नाकं सरळ. हिम्मतरावांनी तिकडे ढुंकून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यातलं एक पिल्लू धोतराला नख्या रुतवत चढलं आणि त्यांच्या मांडीत झोपून गेलं. ते उठले नाहीत. चहा गार झाला तरी उठले नाहीत.

रेणू समोर येऊन बसली. "बाबा, माझी पिलं पण अशीच होतील."

हिम्मतरावांनी पिलाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण पिल्लू घुरघुरत होतं आणि आवाज चढवला असता तर जागं झालं असतं.

"गौतमला रविवारी जेवायला बोलव," कुसुमताई आतून म्हणाल्या.

हिम्मतरावांनी पिलावरची नजर न काढता विचारलं, "तिखट चालतं का त्याला?"

पुढचं सगळं तर्काला धरूनच झालं. पिलं पाहायला येणाऱ्यांना हिम्मतराव सांगू लागले, "हैदराबादी पर्शियन. दुर्मिळ जात आहे, कुणाकडे बी मिळत नाही." इमारतीतल्या सुसंस्कृत लोकांनी पिलांसाठी नंबर लावले. मीही लावला. लग्न काचीगुड्याच्या हॉलमध्ये झालं. गावाकडच्या भावकीने कुजबूज सुरू केली तेव्हा नवा फेटा बांधलेले हिम्मतराव त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या जावयांना एकेक खानदान. आमच्याला दोन आहेत." भावकी जिलेबीकडे वळली. ती गरम होती.

रेणू आणि गौतम आता विद्यानगरला राहतात. सुखात आहेत. हिम्मतरावांना तुम्ही हसलात, ते योग्यच झालं. माणूस हसण्यासारखाच आहे. गौतमचं आडनाव मी सांगितलेलं नाही. विसरलो नव्हतो. तुम्ही कितव्या परिच्छेदापासून शोधताय, ते पाहत होतो.