म्हातारा सुरू होत नाही

"म्हाताऱ्याला लघवी होते का?" उस्तादांनी फोनवर विचारलं.

"थेंबसुद्धा नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

"काय?"

"थेंब नाही, थेंब," पोस्टमास्तर ओरडले.

निवृत्त पोस्टमास्तर परसातल्या पत्र्याच्या शेडमागे उभे होते. समोर लाकडी घोड्यावर अडकवलेलं, निम्मं पाण्याच्या पिंपात बुडालेलं, होडीचं एक जुनं इंजिन होतं. उस्ताद तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहत. चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांचे दोन्ही कान कामातून गेले होते. वीस वर्षांच्या वरच्या कुठल्याही इंजिनाला ते 'म्हातारा' म्हणत. इंजिन खालून पाणी ओढतं, त्यानं आपलं डोकं थंड करतं आणि मागच्या बारीक भोकातून ते पाणी बाहेर सोडतं. त्या धारेला उस्तादांचा शब्द 'लघवी'. पोस्टमास्तरांनी पंधरा दिवसांत ही सगळी भाषा आत्मसात केली होती. ती जपून वापरावी असं त्यांना वाटलं नाही, कारण परसात ऐकायला कुणी नव्हतं. भिंतीला कान असतात हे त्यांना माहीत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

हा उद्योग गुपचूप चालला होता, आणि तो सासऱ्यांसाठी होता. मेहुण्याच्या घरचा जिना चढवेना म्हणून सासरे महिन्यापूर्वी मुलीकडे राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "एकदा त्या तळ्यात होडीतून फिरायचंय. वल्ह्याची नको. इंजिनाची, फटफट करत जाणारी." येत्या रविवारी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. तीस वर्षांपूर्वी त्यांना इंजिनियर जावई हवा होता, आणि पदरात पडला तिकिटं विकणारा. हे ते कधी बोलून दाखवत नसत. पण घरातला नळ गळू लागला की जावयाकडे एकदा बघत आणि सुस्कारा टाकत. तो सुस्कारा पोस्टमास्तरांच्या जिव्हारी लागे. म्हणून त्यांनी शेजाऱ्याची होडी रविवारपुरती मागून ठेवली, आणि एका ओळखीच्याकडे धूळ खात पडलेलं हे इंजिन आणून शेडमध्ये पोत्यांखाली दडवलं.

गुरुवारी बायको सासऱ्यांना नवा चष्मा आणायला घेऊन गेली, तेव्हा इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. दोन मिनिटं झकास चाललं. पण मागून धार येईना आणि वरून वाफ येऊ लागली. घाबरून पोस्टमास्तर मागे सरले, तोच इंजिनाला लोंबणाऱ्या एका लाल वेटोळ्याच्या दोरीत त्यांचा पाय अडकला. दोरी टोकाच्या चिमट्यासकट निघून पायाशी आली आणि इंजिन गप्प झालं. तापून बंद पडलं, असं पोस्टमास्तरांनी ठरवलं. दोरी इंजिन टांगायची असावी म्हणून त्यांनी ती मागच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. तासाभरानं सासरे नवा चष्मा लावून आले. गळ्यात चष्मा अडकवायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी खिळ्यावरची ती दोरी उचलली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

शुक्रवारपासून मात्र इंजिन सुरूच होईना. म्हणून हा फोन.

"आता तर सकाळी सुरूच होत नाही," पोस्टमास्तर ओरडून सांगत होते. "नुसता खोकतो आणि बसतो. डोकं तर असं तापलं होतं! आणि पितो किती! काम शून्य."

"वय झालं की तसंच," उस्ताद म्हणाले. "घरात सांगितलं का?"

"छे. तिला काही बोललो नाही. रविवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर भंगारात देऊन मोकळा होतो."

खिडकीत बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. सकाळी सुरू होत नाही, खोकतो आणि बसतो, नुसता पितो. तिचे वडील रोज नऊपर्यंत उठत नसत, मग बराच वेळ खोकत, आणि तीन कप चहा पीत. शंकेला जागाच नव्हती. ती तडक बाहेरच्या खोलीत गेली.

"बाबा, तुम्हाला लघवी साफ होते ना?"

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. "का गं?"

"हे फोनवर कुणाला तरी सांगत होते."

"जावईबापू? त्यांना कसं कळलं?" सासरे विचारात पडले. महिनाभर आपल्याशी चार शब्द न बोलणारा माणूस एवढं बारीक लक्ष ठेवून आहे, हे त्यांना नवीन होतं. त्यांना आनंद व्हावा की राग यावा हे ठरेना. मुलीनं दर तासाला एक तांब्या पाणी समोर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा गोंधळ आणखी वाढला.

शनिवारी दुपारी, इतक्या पाण्याचा व्हायचा तो परिणाम होऊन, सासरे न्हाणीघरात होते. न्हाणीघराचा झरोका शेडच्या बाजूला होता.

"सगळं करून झालं," पोस्टमास्तर ओरडत होते. "भोकात बारीक तार घातली, आतून किड्यांच्या मातीचं घर निघालं. दोरीनं शंभरदा ओढला, दोन लाथाही घातल्या. म्हातारा हलत नाही हो. मला उद्या मोकळं व्हायचंय."

लाथांचं सासऱ्यांना आठवेना. पण वयोमानानं विसरही पडतो. बाकी अर्थ पुरेसा स्पष्ट होता. त्यांनी मुलाला फोन लावला आणि बॅग भरायला घेतली.

रात्रीच्या जेवणाला ते आले नाहीत. बायकोनं ताट आदळलं.

"उद्या दहाला दादा येतोय. बाबांना न्यायला."

पोस्टमास्तरांचा घास हातातच राहिला. "उद्या? का?"

"का ते तुम्हाला माहीत."

"म्हणजे उद्याचं तुला कळलं?"

"सगळं कळलं. बाबांनीसुद्धा स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"आणि ऐकून ते जाताहेत?"

"मग काय थांबून हार घालून घेतील?"

पोस्टमास्तरांनी घास ताटात परत ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्यासोबत होडीत बसण्यापेक्षा म्हाताऱ्यानं, म्हणजे सासऱ्यांनी, जिना चढणं पसंत केलं होतं. तीस वर्षांत त्यांनी सासऱ्यांना खूश करायचा हा पहिलाच प्रयत्न केला होता, आणि तो आणखी दोन सुस्काऱ्यांच्या लायकीचा निघाला होता. उस्ताद सकाळी स्वतः इंजिन बघायला येणार होते, त्यांना येऊ नका म्हणून सांगावं असं पोस्टमास्तरांना वाटलं. पण ओरडायची ताकद उरली नव्हती.

रविवारी सकाळी साडेनऊला सासरे बाहेरच्या खोलीत बॅगेशेजारी बसले होते. मुलगी डोळे पुसत होती. पोस्टमास्तर कोपऱ्यात उभे होते. दार वाजलं. दारात एक बुटके गृहस्थ, हातात पाने आणि पक्कडींची पिशवी.

"म्हातारा कुठाय?" त्यांनी विचारलं. "आज खोलूनच टाकतो."

सासरे हळूहळू उठून उभे राहिले. आयुष्यभर ते सरळ वागले होते. शेवटही सरळ व्हावा अशी त्यांची इच्छा होती. "मीच तो," ते म्हणाले.

"काय?" उस्ताद म्हणाले.

"अहो, माझ्या बापाला हात लावायचा नाही," बायको मध्ये आली.

"हो, हात लावल्याशिवाय कसं कळणार," उस्ताद म्हणाले आणि पुढे झाले. मग त्यांची नजर सासऱ्यांच्या छातीवर गेली आणि ते जागच्या जागी थांबले. चष्म्याची लाल दोरी चिमटीत धरून त्यांनी ती पोस्टमास्तरांसमोर नाचवली. "ही इथे? अहो पोस्टमास्तर, ही खटक्याला लावल्याशिवाय जगातलं कुठलं इंजिन सुरू होईल? माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून असते ही. कमरेला बांधायची. आणि तुम्ही म्हाताऱ्याच्या नावानं बोंबलताय!"

"इंजिन?" बायको म्हणाली.

"कसलं इंजिन?" सासरे म्हणाले.

पोस्टमास्तरांनी मागचं दार उघडलं आणि पिंपात उभा असलेला म्हातारा सगळ्यांना दाखवला. त्यानंतर कुणी काय ऐकलं आणि कोणाविषयी ऐकलं याचा हिशेब लागायला अर्धा तास गेला. तेवढ्यात मेहुणा आला, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. मध्येच बायको इतकी हसली, की पुन्हा डोळे पुसावे लागले. सासरे मात्र हसले नाहीत. ते पिंपाभोवती फिरले, इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला, मग जावयाच्या काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं.

"हे माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाला होता, फटफट करणारी."

सासऱ्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि जावयाच्या हातात दिली. सुस्कारा टाकला नाही.

उस्तादांनी पाणी ओढणारा खालचा झिजलेला रबरी पंखा बदलला, दोरी खटक्याला लावली, आणि म्हातारा तिसऱ्या ओढीला सुरू झाला. मागून करंगळीएवढी धार पडली. सगळ्यांनी वाकून ती पाहिली.

चार वाजता होडी तळ्याच्या मध्यावर होती. सासरे पुढे ताठ बसले होते, एका हातानं चष्मा धरून. मागे पोस्टमास्तर, कमरेला लाल दोरी. इंजिन फटफट करत होतं आणि धार पाण्यात अखंड झुळझुळ पडत होती. सासरे खूप वेळ तो आवाज ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपणा आला. एक तर तो आवाज, त्यात दोन दिवसांचे तांबे.

ते वळून काहीतरी म्हणाले. पोस्टमास्तरांनी एकदा इंजिनाकडे आणि एकदा दूर राहिलेल्या काठाकडे पाहिलं. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. त्यांनी होडी वळवली. तेवढ्यात काठावरून बायकोचा फोन आला.

"काय हो, इतक्यात परत का फिरलात?"

"म्हाताऱ्याला लघवी," पोस्टमास्तर इंजिनाच्या आवाजावर ओरडले.



"माझ्या की तुमच्या?" बायकोनं विचारलं.