पट्टा एकाकडे, पाय दुसऱ्याकडे

काकींना आजवर कुणी फसवलेलं नव्हतं. प्रयत्न पुष्कळांनी करून पाहिला होता. त्यांतला एक कापडवाला तर काकी लांबून येताना दिसल्या की अजूनही जेवायला म्हणून घरी पळतो, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. हे सगळं काकी स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत.

त्यामुळे गल्लीच्या टोकाला असलेल्या जुन्या गॅरेजात काम करणाऱ्या चौघांनी वर्गणी काढून जाड शिलाईचं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा पैसे कुणाकडे ठेवायचे यावर वाद झाला नाही. वाद घालायचा तर तो काकींशी घालावा लागला असता. काकी स्वतः जाड कापडाच्या पिशव्या शिवत. बाकीचे तिघं म्हणजे गादीवाला, बूटवाला आणि ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवणारा ताडपत्रीवाला. कामं चौघांची वेगळी, रड मात्र एकच. साधं मशीन जाड कापडाशी आलं की जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं मध्येच बसकण मारायचं.

"मिळून घेऊ," काकी म्हणाल्या. "पण भाव मी करणार. दुकानात तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. बूटवाल्या, तू तर श्वाससुद्धा बेताने घे. मागे दोऱ्याचा भाव करायला गेलास आणि दुकानदारालाच म्हणालास, 'असू द्या, तुम्हालाही परवडलं पाहिजे.'"

"त्याने चहा पाजला होता हो काकी."

"उद्या कुणी जेवू घातलं तर गॅरेज लिहून देशील."

काकींनी भाव केला. सकाळी दुकानात शिरल्या त्या दुपारी बाहेर आल्या. दुकानदार शेवटी म्हणाला, "बाई, घेऊन जा, वर माझी खुर्ची घेऊन जा, पण आता जा." काकींनी खुर्ची नाही घेतली. तेलाची बाटली तेवढी घेतली.

मशीन गॅरेजात आलं आणि चौघं त्याच्याभोवती नव्या बाळाभोवती जमतात तसे जमले. हिरवंगार, जड, डोक्यावर छोटासा दिवा. गादीवाल्याने जाड गादीची कड घातली, ती लोण्यातून सुरी जावी तशी शिवून निघाली. बूटवाल्याने चामडं घातलं, तेही गेलं. ताडपत्रीवाला मुळातच अबोल, तो नुसता डोळे पुसत होता. सगळे खूश होते. आणि मग संध्याकाळ झाली, कुलूप लावायची वेळ झाली, आणि कुणीच आधी बाहेर पडेना.

गोष्ट अशी होती की गॅरेजची किल्ली पाण्याच्या पिंपामागे खिळ्याला अडकवलेली असे आणि ती चौघांनाही ठाऊक होती.

"मी काय म्हणतो," गादीवाला घसा खाकरून म्हणाला, "वाटून घेतलेल्या वारांना प्रत्येकाने काम करायचं हे ठरलंय. पण मागे कुणी येऊन जास्तीचं काम काढलं तर? मी आपल्यातल्या कुणाबद्दल म्हणत नाही हां."

"मग काय माझ्या आजीबद्दल म्हणतोयस?" बूटवाला म्हणाला.

"गप्प बसा रे," काकी म्हणाल्या. "माझ्याकडे तोड आहे. जाताना मशीनचा एकेक भाग काढायचा आणि ज्याने त्याने घरी न्यायचा. खालच्या दोऱ्याचं शटल माझ्याकडे. पट्टा गादीवाल्याकडे. कापड दाबणारा पाय बूटवाल्याकडे. मोटरची वायर ताडपत्रीवाल्याकडे. सकाळी चौघांनी आपापला भाग आणायचा, जोडायचा, मग ज्याचा वार असेल त्याने चालवायचं. एकट्याच्या बापाला जमणार नाही."

तिघांनी माना डोलवल्या. असली अक्कल शाळेत मिळत नाही, असं बूटवाला म्हणाला. काकी शाळेत फार गेल्या नव्हत्या, त्यामुळे हे त्यांना लगेच पटलं.

योजना उत्तम होती. फक्त तिच्यामुळे काम होत नव्हतं. गादीवाला सकाळी आंघोळीला उशीर करी आणि पट्ट्याशिवाय सगळे बसून. बूटवाल्याच्या बायकोने एकदा तो पाय कपाटाच्या दाराला अडसर म्हणून लावला आणि तो सापडेपर्यंत दुपार झाली. एकदा काकीच शटल विसरल्या, पण तेव्हा त्या म्हणाल्या की हवा दमट आहे, आज मशीन चालवणं बरं नाही.

अशाने आपलं नुकसान होतंय हे काकींच्या लक्षात आलं. आपलं म्हणजे त्यांचं. म्हणून त्या एक दिवस सुट्या भागांच्या दुकानात गेल्या आणि पट्टा, पाय, वायर असं सगळं विकत घेऊन आल्या. शटलही आणखी एक घेतलं, हाताशी असावं म्हणून. हा अविश्वास नव्हता, असं त्यांनी सुनेला सांगितलं. ही काळजी होती.

"या मशीनचे भाग हल्ली फार खपतात," दुकानदार पुडी बांधताना म्हणाला.

"खपणारच," काकी म्हणाल्या. "मशीन निवडलंय कुणी?"

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, काकी पिशवीत सगळे भाग घालून गॅरेजात शिरल्या. दार आतून लावलं. चार जास्तीच्या पिशव्या शिवून घ्यायच्या, एवढाच बेत. पट्टा चढवायला त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला.

दिवा गरम होता.

काकींनी मनात हिशेब मांडला. शटल त्यांच्याकडे. पट्टा गादीवाल्याकडे. पाय बूटवाल्याकडे. वायर ताडपत्रीवाल्याकडे. तरी दिवा गरम, तेलाची बाटली निम्मी, आणि खाली जमिनीवर चामड्याची एक ताजी चकती. काकींच्या तोंडचं पाणी पळालं. हे मशीन आपोआप चालतं. एवढ्या स्वस्तात दिलं ते उगीच नाही. दुकानदाराने खुर्चीसुद्धा देऊ केली होती.

पिशव्या न शिवताच त्या घरी आल्या आणि पाठीला उशी लावून बसून राहिल्या.

"काय झालं आई?" सुनेने विचारलं.

"काही नाही. डोकं धरलंय."

कुणाला सांगणार? सांगायचं म्हटलं तर आधी हे सांगावं लागणार की भर दुपारी बंद गॅरेजात आपण काय करत होतो. काकींनी गिळलं. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो गादीवाल्याचंही तोंड उतरलेलं. तो मशीनकडे तिरपा बघे आणि लगेच नजर फिरवी. ताडपत्रीवाला आधीच अबोल, आता तर मशीनला पाठसुद्धा करेना. बूटवाल्याने काकींना कोपऱ्यात गाठलं.

"काकी, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे?"

"माझा माणसांवर नाही, भुतांवर कशाला असेल? का विचारतोस?"

"सहज. म्हणजे समजा, एखादी वस्तू... कुणी हात न लावता... म्हणजे उदाहरणार्थ हां..."

"मला काही दिसलेलं नाही," काकी घाईने म्हणाल्या.

"मलाही नाही," बूटवाला त्याहून घाईने म्हणाला.

हे असं चाललेलं असताना व्याह्यांचा निरोप आला. काकींची लेक ज्या घरी दिली होती त्या घरच्या बसगाड्या होत्या आणि त्या सगळ्या गाड्यांच्या सीटा नव्याने शिवायच्या होत्या. वर्षभर पुरेल एवढं काम, चौघांनाही. व्याही स्वतः येऊन मशीन बघणार, एक सीट समोर शिवून घेणार आणि मग ठरवणार. सोबत विहीणबाईही येणार होत्या. लेकीच्या लग्नापासून विहीणबाई एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, "तुमचं ते गॅरेज म्हणजे चार तोंडं आणि चार दिशा." ते वाक्य काकींना घशात अडकलेल्या काट्यासारखं होतं. आता तो निघणार होता.

ठरल्या सकाळी काकींनी गॅरेज लख्ख झाडून घेतलं. सुनेला चहा घेऊन बोलावलं. गादीवाला पट्टा घेऊन वेळेवर हजर, बूटवाला पाय घेऊन हजर, काकींच्या कमरेला शटल. व्याही आले, विहीणबाई आल्या, खुर्चीवर पदर झटकून बसल्या. आणि ताडपत्रीवाल्याचा पत्ता नाही.

"तुमचे चौथे दिसत नाहीत," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या.

"येतोय. फार शिस्तीचा माणूस," काकी म्हणाल्या आणि मनात त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली.

चहा संपला. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. "दुसरीकडेही जायचंय मला," ते म्हणाले आणि उठायला लागले. वर्षभराचं काम त्यांच्याबरोबर खुर्चीवरून उठायला लागलं.

"थांबा," बूटवाला म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. त्याने खिशात हात घातला आणि वायर काढली. "माझ्याकडे एक... घरी पडली होती."

गादीवाल्याने ती हिसकावून घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"म्हणजे तू!" गादीवाला ओरडला. "सुट्टीचं मशीन चालवणारा तू होतास? आणि मी मेला देवाला नारळ बोलून बसलो!"

"मशीन चालतं हे तुला कसं कळलं?" बूटवाला म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी तू इथे कशाला आला होतास?"

गादीवाल्याने वायर नाचवत विषय वळवला. "आणि वायर असून तुला काय उपयोग? पट्टा तर माझ्याकडे होता."

बूटवाल्याने मान खाली घालून दुसऱ्या खिशातून पट्टा काढला. मग शटल काढलं. गादीवाल्याने ते पाहिलं, सुस्कारा सोडला आणि आपल्या थैलीतून एक पाय, एक वायर आणि एक शटल काढून टेबलावर मांडलं. बाजार मांडल्यासारखं दिसायला लागलं.

आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच माणसांनी काकींचा नियम धाब्यावर बसवला होता. विहीणबाईंच्या देखत.

"लाज नाही वाटली?" त्या कडाडल्या. "चौघांच्या घामाचं मशीन. मी तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही चोरून भाग आणलेत? असली माणसं माझ्या गॅरेजात..."

"आई," कपबशा गोळा करता करता सून म्हणाली, "आपल्या घरचेही आणू का? तुमच्या बटणांच्या डब्यात चारही आहेत."

सून वाईट नव्हती. मदत करायची तिला मनापासून हौस होती. काकींना त्या क्षणी जमीन दुभंगून हवी होती, पण फरशी चांगली होती, तीही काकींनीच भाव करून घेतलेली.

एवढ्यात ताडपत्रीवाला धापा टाकत आत आला. "ट्रक बंद पडला वाटेत," तो म्हणाला. त्याने टेबलाकडे पाहिलं, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि कुणी काही न विचारता कोटाच्या आतल्या खिशातून एक पट्टा, एक पाय, एक शटल काढून ढिगात टाकलं. मग तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात तो इतकं कधी बोलला नव्हता.

व्याही ढिगाकडे बघत होते. एकेक भाग उचलून बघत होते. काकींनी मनातल्या मनात कामाला हात जोडले आणि निरोप दिला.

"कमाल आहे," व्याही शेवटी म्हणाले. "माझ्या ड्रायव्हरांना एक जादा चाक ठेवा म्हणून सांगून माझी जीभ झिजली. इथे एका मशीनला प्रत्येक भाग चौपट. माझं काम एक दिवस बंद पडायचं नाही. शिवा बघू सीट."

सीट शिवली. सुरेख शिवली. कुणाचं शटल, कुणाचा पट्टा, देवाला ठाऊक, पण टाके असे पडले जसे मुंग्या रांगेत चालल्यात. व्याह्यांनी काम दिलं. गादीवाला आणि बूटवाला एकमेकांच्या गळ्यात पडले. काकींची छाती पुन्हा भरून यायला लागली. त्या म्हणणार होत्या की हे सगळं माझ्याच डोक्यातून निघालं. तोंड उघडलंही होतं.

"एक सांगू का?" विहीणबाई उठत म्हणाल्या. "हे सगळे भाग एका पेटीत ठेवू. मशीनवरचेही रोज काढून त्यातच. पेटीला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. मी बाहेरची, मला शिवता येत नाही. तुम्हा चौघांचाही माझ्यावर सारखाच विश्वास बसेल. रोज सकाळी ड्रायव्हरच्या हाती किल्ली पाठवीन, संध्याकाळी परत."

"उत्तम," गादीवाला म्हणाला.

"फारच छान," बूटवाला म्हणाला.

ताडपत्रीवाल्याने मान हलवली. तिघंही काकींकडे न बघता.

पेटी आली, भाग आत गेले, विहीणबाईंनी पर्समधून कुलूप काढून स्वतःच्या हाताने लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. "आता चार तोंडं एका दिशेला," त्या जाताना हसून म्हणाल्या. काकी मुलीची आई. त्याही हसल्या. दात दुखतात तेव्हा माणूस हसतो तसं.

"तू हो पुढे," घराकडे वळताना काकी सुनेला म्हणाल्या. "मला कोपऱ्यावर जरा काम आहे."

कोपऱ्यावर झाडाखाली चावीवाला बसत असे. काकी पोचल्या तेव्हा गादीवाला, बूटवाला आणि ताडपत्रीवाला तिथून एकेक करून निघत होते. गादीवाला झाडाची पानं मोजत होता. बूटवाल्याने काकींना पाहिलं आणि आपल्याच चपलेचा अंगठा तपासायला वाकला. काकींनीही त्यांना पाहिलं नाही.

"काय रे," त्या चावीवाल्यापाशी वाकून हळूच म्हणाल्या, "किल्ली हाताशी नाही, पण कुलूप नीट बघितलेलं आहे, तर दुसरी किल्ली करता येते का?"

"नाही हो काकी," चावीवाला कानशीवरून मान न उचलता म्हणाला. "या तिघांनाही आत्ता तेच सांगितलं."