पाण्यावरची वळकटी

सुलक्षणाबाईंची अट एकच होती. पाण्यावर पसरायची ती जी काही चटई घ्यायची असेल ती घ्या, पण ती हवा भरायची नको. हवा भरलेली वस्तू कधी ना कधी बसतेच, आणि आपण तिच्यावर असतानाच बसते, असं त्यांचं ठाम मत होतं.

जनार्दनराव वीज मंडळातून निवृत्त झाले तसे दोघं परांड्याहून माणला, मुलाकडे राहायला आले. परांड्याला पाणी ड्रममध्ये असे आणि ड्रमवर झाकण असे. मुळशीचं धरण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुलक्षणाबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. जनार्दनराव मात्र विहिरीत पोहायला शिकलेले. एवढं पाणी बघून त्यांना पुन्हा दहा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून दर सुट्टीला ते सगळ्यांना घेऊन धरणावर जायचे, निलेशची बोट ठरवायचे आणि बायकोला एकदा तरी पाण्यात उतरवायचं, या ध्यासाने घरी परतायचे.

बोटीतून थेट पाण्यात उतरायला ती भिते, मध्ये पाय ठेवायला काहीतरी असलं की उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून ही तरंगती मॅट. सुनेने, मृण्मयीने, मोबाइलवर पाहून सासूबाईंच्या अटीत बसणारी शोधली. जाड फोमची, तीन थरांची, वरून निळी आणि खालून पिवळी. चार मोठी माणसं सहज पेलते असं लिहिलं होतं. ती घरी आली तेव्हा लिफ्टमध्ये मावली नाही. शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्येच ती उलगडली आणि जनार्दनराव तिच्यावर दोनदा उडी मारून बघत असताना वॉचमनने विचारलं की काका, लग्न कुणाचं आहे.

खरा प्रश्न ठेवायचा होता. मॅटची घडी घालायची नाही, वर वजन ठेवायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, ओली गुंडाळायची नाही. घरात ती सोफ्यामागे उभी केली तर टीव्ही दिसेना. मग निलेशलाच विचारलं. धरणाकाठच्या वाडीवर राहणारा हा तिशीतला माणूस घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात पाळी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बोट चालवायचा. तो म्हणाला की गोठ्याच्या माळ्यावर पेंढा आहे, त्याच्यावर वळकटी करून टाकतो, लई गार जागा हाय. सुलक्षणाबाईंनी त्याला निक्षून सांगितलं की तिथे ओल येता कामा नये. त्याने शब्द पाळला. जागा गार होती, कोरडी होती आणि पेंढ्यामुळे उंदीरही बक्कळ होते. त्या उंदरांसाठी तिथे कोण येत असेल, याचा विचार कुणी केला नाही.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी ते निघाले. मुलगा अमोघ ऑफिसच्या कामात अडकला होता, म्हणून तिघंच. जनार्दनरावांनी आणि मृण्मयीने एकेक लाइफ जॅकेट घातलं होतं, सुलक्षणाबाईंनी एकावर एक अशी दोन चढवली होती आणि त्या बोटीच्या बरोबर मधल्या फळीवर दोन्ही हातांनी फळी धरून बसल्या होत्या. पायाशी वळकटी. पुढच्या फळीखाली सगळ्यांच्या चपला, डबा आणि मृण्मयीची पर्स. मोबाइल आणि गाडीची किल्ली त्या पर्समध्ये.

काठापासून बरंच आत गेल्यावर निलेशने इंजिन बंद केलं. मॅटच्या कडीला दोर ओवून तो बोटीला बांधला, पट्टे सोडले आणि वळकटी कडेवरून पाण्यावर ढकलली. ती छान उलगडत गेली. शेवटचा वेढा बोटीच्या कडेवर असतानाच त्यातून काहीतरी मनगटाएवढं जाड, पिवळट तपकिरी, भलतंच लांब असं बोटीत पडलं आणि सळसळत पुढच्या फळीकडे गेलं.

सगळ्यात आधी निलेश मॅटवर गेला. लहानपणापासून ज्या पाण्यात तो वाढला, त्या पाण्यावर तो इतक्या चपळाईने कधीच उतरला नसेल. त्याच्या पाठोपाठ मृण्मयी, तिच्या पाठोपाठ जनार्दनराव. तिघं मॅटवर टेकले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सुलक्षणाबाई बोटीतच आहेत.

त्या फळीवर उभ्या होत्या. पुढे साप, बाकी तिन्ही बाजूंना पाणी. जनार्दनरावांनी हात पुढे केला, उडी मारू नकोस, नुसतं पाऊल टाक म्हणाले. सुलक्षणाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मृण्मयी रडवेल्या आवाजात, "आई, या ना," एवढंच म्हणत राहिली. मग पुढच्या फळीखाली डबा खडखडला. पुढचं सुलक्षणाबाईंना आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या मॅटच्या मधोमध बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात निलेशच्या शर्टाची कॉलर होती.

मॅट चौघांना पेलते ते चौघं चार कोपऱ्यांना असतील तर. सुलक्षणाबाई कुणालाच दूर जाऊ देईनात. चौघंही मधे गोळा झाल्यावर तिच्या कडा वर आल्या, मधे खड्डा पडला आणि त्या द्रोणात गार पाणी हळूहळू चढायला लागलं.

"विषारी असेल का?" जनार्दनरावांनी विचारलं.

निलेश म्हणाला की त्याला सापातलं काहीच कळत नाही, त्याच्या आज्याला साप चावला होता तेव्हापासून तो कधी नीट बघतच नाही. बोट त्याची, पाणी त्याचं, पण थरथर सगळ्यात जास्त त्याचीच होत होती आणि ती मॅटमधून बाकीच्यांना जाणवत होती.

बोटीला बांधलेल्या दोराकडे प्रथम त्याचंच लक्ष गेलं. "त्यो दोरावरनं आला तर?" तो म्हणाला. दोर सोडावा, तर बोट वाहून जाणार. जनार्दनरावांनी सगळ्यांना धीर देण्यासाठी सांगितलं की सापाला दोर लागतच नाही, तो उत्तम पोहतो. हे ऐकून चौघंही आणखी जवळ सरकले आणि खड्डा आणखी खोल झाला.

हाका मारून झाल्या. काठावर एक माणूस म्हशी पाजत होता, त्याने उलट हात हलवला. त्याला वाटलं मजा चालली आहे. निळ्या चटईवर चार माणसं एकमेकांना बिलगून बसलेली, लांबून तसंच दिसत असणार. मग वारा सुटला. रिकामी बोट वाऱ्याबरोबर सरकायला लागली आणि दोराने मॅटला ओढत धरणाच्या मध्याकडे नेऊ लागली. कोण कुणाला बांधलेलं आहे हे आता स्पष्ट झालं. साप बोट नेत होता आणि ही चौघं मागून जात होती.

सुलक्षणाबाईंनी डोळे मिटून विचारलं, "इथं खोल किती आहे?"

"किती ते न्हाई माहीत," निलेश म्हणाला. "पर खाली जुनं गाव हाय. आमच्या पणज्याचं घर बी हाय."

यानंतर सुलक्षणाबाईंनी डोळे उघडले ते मिटलेच नाहीत. आपल्या बुडाखाली दोन-तीन इंच फोम, त्याखाली पाणी आणि त्याच्याही खाली कुणाच्या तरी घराचं अंगण, हे त्यांना पेलवेना. मृण्मयी कुडकुडत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण जनार्दनरावांचा चेहरा असा पांढरा झालेला सुलक्षणाबाईंनी पाहिला नव्हता. पाणी आता मांडीपर्यंत आलं होतं.

"गेला," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आत्ता गेला. पुढच्या बाजूनं. पाण्यात उतरला, मी बघितलं."

क्षणभर सगळ्यांना हायसं वाटलं, आणि लगेच साप पाण्यात आहे म्हणजे काय, हे सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. जनार्दनराव म्हणाले, हो, मलाही दिसला, तो बघा तिकडे. निलेश म्हणाला, व्हय, शेपूट दिसली. आणि तो पाण्यात असताना आपण पाण्याशी मांडी लावून बसलोय, हे न बोलता चौघांनी दोर ओढायला घेतला. सुलक्षणाबाईंनीही ओढला. बोट जवळ येताच ज्या घाईने तिच्यातून उतरले होते त्याहून जास्त घाईने सगळे तिच्यात चढले.

मॅट वर घेऊन गुंडाळायचं कुणी नावही काढलं नाही. ती मागे तशीच ओढत आणली. वाटेत निलेशला गाणं गुणगुणण्याइतका धीर आला. जनार्दनराव पाय पसरून, सापाने आपल्याला कसं पाहिलं ते सांगू लागले. सुलक्षणाबाई तेवढ्या मांडी घालून, पाय फळीवर घेऊन, पुढे टक लावून बसल्या होत्या. पाय खाली सोड की, असं नवऱ्याने म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या की गारठलेत.

बोट काठाला लागली तशा त्या पहिल्या उतरल्या. अनवाणीच, चपलांकडे न बघता चढावर गेल्या आणि एका दगडावर बसल्या. बाकीचेही उतरून आले. निलेश पुन्हा सामान काढायला बोटीकडे निघाला, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"निलेश, थांब. तो गेलेला मी बघितला नाही."

निलेश एक पाय उचललेला तसाच उभा राहिला.

"म्हणजे?" जनार्दनराव म्हणाले. "मग मला दिसला तो?"

"तुम्हाला दिसला का?"

जनार्दनरावांनी पाण्याकडे पाहिलं, मग खाली. तू म्हणालीस म्हणून म्हणालो, असं काहीतरी ते पुटपुटले. निलेश म्हणाला की साहेब म्हणालं, म्हणून मला बी शेपूट दिसली. मृण्मयी एकटीच हसायला लागली आणि मग हसता हसता तिचं रडू बाहेर आलं.

"अगं, म्हणजे तो आत आहे हे माहीत असून तू त्याच्यासमोर बसून आलीस?" जनार्दनरावांचा आवाज चिरकला.

"साप एकच होता," त्या म्हणाल्या. "पाणी चारी बाजूंनी होतं."

मोबाइल, किल्ली, डबा, चपला, सगळं पुढच्या फळीखाली होतं. चौघंही ओळीने बसून बोटीकडे बघत राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा फळीखालून एक तोंड बाहेर आलं. साप सावकाश वर आला, कडेवर अर्धं अंग टाकून थांबला. पाण्याकडे बराच वेळ बघितलं. मग तसाच मागे सरकून पुन्हा आत गेला.

निलेशने दगड उचलला. जनार्दनराव काठावर पडलेला एक बांबू घेऊन आले. बाहेरून बोटीवर ठोकलं तर तो घाबरून पाण्यात उडी टाकेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"बसा खाली," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "त्याच्या मनात नाही, तर बळंच कशाला उतरवता?"

जनार्दनरावांनी बायकोकडे पाहिलं. बांबू खाली ठेवला आणि तिच्या शेजारी येऊन बसले. दोघांनी जॅकेटं अजून काढली नव्हती.