आधी माणूस, मग आग

आमच्या वरच्या मजल्यावरचे मुजुमदारकाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मागचं दार बघून येतात. मग विचारतात, "घरात चालता न येणारं कोण आहे?" माधव नगरात नव्याने राहायला आलेली माणसं दचकतात. जुने लोक मुकाट्याने आजीकडे बोट दाखवतात.

काका हवाई दलात होते. विमान त्यांनी कधी उडवलं नाही. पेटलेलं विमान विझवायला पोरांना शिकवलं; पोरं त्यांना 'उस्ताद' म्हणायची. भंगारातल्या विमानाला आग लावायची, आत पायलट म्हणून चिंध्या भरलेला पुतळा बसवायचा आणि पोरांनी तो बाहेर काढायचा. एका हुशार पोराने आधी आग विझवली आणि मग पुतळ्याला तंगडी धरून ओढत आणलं. काकांनी त्याला पुतळ्याची माफी मागायला लावली. "उसका भी घर है, भाई," असं त्यांचं म्हणणं. आधी माणूस, मग आग, यापुढे त्यांचं शास्त्र जात नाही.

आमच्या वास्तुशांतीला ते आम्ही अनुभवलं. गुरुजींनी होमात तूप जरा सढळ हाताने सोडलं, ज्वाळा उसळली, आणि कुणाला काही कळायच्या आत काकांनी माझ्या सासूबाईंना खांद्यावर टाकून थेट रस्त्यावर नेऊन ठेवलं. मुठीतल्या अक्षता तशाच होत्या. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. नंतर मात्र पार देवास गेटपर्यंत भेटेल त्याला तीच गोष्ट सांगत सुटल्या.

यंदा काकूंना अर्धांगवायू झाला. मुलगा पुण्याला. काका रोज सकाळी त्यांना खांद्यावर घेऊन जिना उतरायचे आणि अंगणात खुर्चीवर बसवायचे. 'प्रॅक्टिस' म्हणायचे. आम्ही हसायचो, काकू सगळ्यांत जास्त.

गेल्या रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. पलंगाशी जमिनीवर बसले होते, घामाघूम.

"मेरे से अब नहीं उठती," ते म्हणाले. "कधी काही झालं तर हिला कोण काढणार? तू शिकून घे."

हात कुठे घालायचा, वजन कुठे घ्यायचं, त्यांनी सगळं शिकवलं. माझ्या खांद्यावर आल्यावर काकूंनी त्यांना विचारलं, "आणि तुम्ही?"

"तू चल. उस्ताद सगळ्यांत शेवटी निघतो."

काकूंनी आपला धड हात मागे लांबवून त्यांची बाही धरली. काकांनी परोपरीने समजावलं, पण त्यांनी सोडली नाही. जिना अरुंद, तरी आम्ही तिघं एकदमच उतरलो.