डिस्क चावणारे आप्पा

आमच्या सुरतच्या उधन्यातले भिला आप्पा दुरुस्तीला आलेली बंद हार्ड डिस्क आधी दातात धरतात. खोटं नाही सांगत! तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून कान गेलेत त्यांचे. मग काय, डिस्कला वीज जोडायची, तिची कड दाताला टेकवायची आणि डोळे मिटायचे. आतली मोटर फिरते की नाही, ते त्यांना जबड्यातून कळतं.

आमची डिस्क चावून त्यांनी मान हलवली. "गप शे. काय केलं रे हिला?"

केलं मीच होतं. घाईत भलतंच अडॅप्टर लावलं आणि धूर निघाला. आत ताईच्या लग्नाचे सगळे फोटो, म्हणजेच बाबांचे शेवटचे. लग्नानंतर दोन महिन्यांत ते गेले. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

"घाईत धागा तुटतोच, भो," आप्पा म्हणाले. लूम असो, डिस्क असो, सून असो, त्यांचं हे एकच वाक्य.

आठ दिवसांनी त्यांनी आम्हा मायलेकांना बोलावलं. तसल्याच दुसऱ्या डिस्कची सर्किटची पट्टी आमच्या डिस्कला बसवली होती. पुन्हा चावली. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"जिती शे!" आप्पा स्टुलावरून उडालेच. पडद्यावर फोटो उघडले आणि ते त्यांच्या अहिराणीत रस्त्यापर्यंत ओरडले, "सापडना रे, तुना बाप सापडना!" म्हणजे, तुझा बाप सापडला!

शेजारच्या गुजराती पानवाल्या काकांनी डोकं आत घातलं. "पण ए तो गुजरी गया ने?"

फेट्यातले बाबा, तोंडात अख्खा लाडू! आई हसत होती आणि रडतही होती. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पुढच्या फोटोवर आप्पा एकदम थांबले. पुढे ताई आणि जावई. मागे मांडवाच्या कडेला चुलीवरच्या खापरावर पुरणाचे मांडे टाकणारी एक बाई, अर्धा चेहरा पदराआड.

"आमची सुमन," ते आपल्या बायकोकडे बोट करत म्हणाले. "अख्ख्या उधन्याच्या लग्नांत मांडे करायला जायची. फोटोवाला चुलीकडं कधी वळलाच नाही, वहिनी. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक फोटो नव्हता. चार वर्षं लोकांच्या लग्नांच्या फोटोंत शोधतोय."

आईनं डोळे पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी धावत होते, आप्पा. सुमनताईंनीच हाताला धरून मला चुलीपाशी बसवलं. पहिला मांडा मला वाढला."

आप्पा पुढे सरकले.

"काय बोलनी ती?" त्यांनी विचारलं. "वहिनी, काय काय बोलनी?"