ऑर्लँडो डावीकडे मारतच नाही!

"ऑर्लँडो डावीकडे मारतच नाही!" संघाचा आकडेतज्ज्ञ गॅरेट छाती फुगवून म्हणाला. "शंभरातले चौऱ्याण्णव चेंडू उजवीकडे! समोरच्यांचा हा गडी खेळायला आला की सगळे तिकडे उभे करा, निर्धास्त!"

लॉइड टेटमने जांभई दिली. बेसबॉल संघाचं मॅनेजरपण करून करून त्याचे गुडघे आणि उत्साह दोन्ही झिजले होते. त्यात मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आजचा सामना गेला, तर तूही गेलास!" आणि गॅरेटचं ऐकायचं, हाही बाईंचाच हुकूम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"अरे, पण ऑर्लँडोला डोळे आहेत ना?" लॉइडने विचारून पाहिलं.

"डोळ्यांचा रकाना नाही आमच्याकडे."

सातव्या डावात लॉइडचा संघ एका धावेने पुढे होता. समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर टपलेला; तिथून 'घरी', म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला की एक धाव. देहाने फ्रीजएवढा ऑर्लँडो पेगेरो बॅट घेऊन आला. त्याने उजवीकडची जत्रा पाहिली, डावीकडचं ओसाड रान पाहिलं आणि बॅट नुसती आडवी धरली. चेंडू टुपकन डावीकडे पडला आणि रमतगमत घरंगळत गेला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा घरी पोचला, झाली बरोबरी! ऑर्लँडो तर पहिल्या बेसवर चक्क चालत पोचला.

"हे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं!" गॅरेट किंचाळला.

"जन्मात त्याला कुणी एवढं मोकळं रान दिलं नव्हतं, बाबा."

नववा, शेवटचा डाव. अजून बरोबरीच. समोरच्यांचे दोन गडी बाद, एक पुन्हा तिसऱ्या बेसवर, आणि समोर पुन्हा ऑर्लँडो!

"आता तो परत तेच करणार! सगळ्यांना जवळ बोलवा!"

"एकदा केलं म्हणून?"

"ताजा आकडा आहे, लॉइड!"

भांडायचं त्राण लॉइडमध्ये उरलं नव्हतं. त्याने हात हलवला आणि सगळे पुढे आले. ऑर्लँडोने चेंडू उंच उडवला. इतका सोपा झेल, की लॉइडच्या म्हाताऱ्या आईनेही चष्म्याशिवाय घेतला असता! पण घेणार कोण? चेंडू रिकाम्या गवतावर पडला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला आणि सामना गेला.

थोड्या वेळाने गॅरेट खाली मान घालून आला. "वाईट वाटतं, लॉइड. पण मॅनेजर बदलला की संघ पुढचा सामना बहुतेक जिंकतोच. मालकीणबाईंनी विचारलं, मी आकडा सांगितला."

चोर सोडून संन्याशाला फाशी! लॉइडने टोपी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो घरी सोफ्यावर पडला होता. टीव्हीसमोरून बायको विल्मा ओरडली, "जिंकले रे! म्हणजे गॅरेटचा आकडा खरा ठरला की!"

"हो ना," लॉइड कूस बदलत म्हणाला. "अख्ख्या हंगामात मेला एकच खरा ठरला, तोही माझ्याच जिवावर!"